आमच्या परसातली दीर्घिका

(१९९६ साली दहावी झालेल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, १७ जानेवारी २०२६ रोजी शाळेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याची तारीख ठरली तेव्हा आपल्या ग्रुपवर कुणीतरी हळूच लिहिलं होतं, "दुसऱ्या दिवशी अमावास्या आहे, एक आठवडा पुढे ढकलू या का?" मी तत्काळ उत्तर दिलं, "अजिबात नको." महिन्यातले अमावास्येच्या आगेमागचे चार-पाच दिवस माझ्यासाठी सगळ्यांत शुभ असतात. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते, पण अमावास्येला शनिवार-रविवार जोडून आला की गाडी काढून इथे आबांच्या घरी येते. आमच्या शेजारच्या आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "इंजिनेर हाय म्हनं, पन आवस आली की काळं नळकांडं घिऊन परसात बसती." हे वर्णन अगदी बरोबर आहे. आज त्या नळकांड्यात काय दिसतं ते सांगते, आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागते.

पडद्यावरचा हा फोटो बघा. मध्ये पिवळसर गाभा, त्याच्याभोवती पाण्याच्या भोवऱ्यासारखे गुंडाळत गेलेले दोन निळसर हात, आणि त्या हातांवर गुलाबी ठिपके. ही एम ७४ नावाची सर्पिल दीर्घिका. अश्विनी नक्षत्राच्या शेजारी, मीन राशीत ती आहे. तिच्यात सुमारे दहा हजार कोटी तारे आहेत. पिवळा भाग म्हाताऱ्या ताऱ्यांचा, निळा भाग तरुण ताऱ्यांचा, आणि गुलाबी ठिपके म्हणजे जिथे आत्ता तारे जन्माला येताहेत असे हायड्रोजनचे ढग. 'आत्ता' हा शब्द जरा सैल अर्थाने घ्या, कारण हा प्रकाश तिथून निघून सुमारे ३ कोटी २० लाख वर्षं झाली आहेत.

हा आकडा मोठा वाटतो ना? मग पायाखाली बघा. आपल्या माणदेशातला हा काळा कातळ, ज्यावर मी दुर्बिणीची तिवई रोवते, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. म्हणजे हा प्रकाश तिथून निघाला तेव्हा आपला कातळ आज आहे त्याच्या निम्म्या वयाचा होऊन इथे पडलेला होता. मला हे कळलं त्या रात्री मी परसातल्या दगडावर जरा जपूनच बसले.

एम ७४ ला हौशी निरीक्षकांत मोठी बदनामी आहे. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर मेशँ यांनी १७८० साली ती शोधली आणि शार्ल मेसिए यांनी आपल्या यादीत ७४ वा क्रमांक देऊन नोंदवली. त्या यादीतल्या १०० हून अधिक वस्तूंत ही दिसायला सर्वांत अवघड वस्तूंपैकी एक मानली जाते, म्हणून तिला 'भुताची दीर्घिका' असंही म्हणतात. दुर्बिणीला डोळा लावला तर 'आहे, नाही, आहे' असा एक पुसट डाग तेवढा दिसतो. जॉन हर्शेल यांच्यासारख्या पट्टीच्या निरीक्षकालाही तो तारकागुच्छ वाटला होता.

अवघड का, तर ती आपल्याला अगदी समोरून दिसते. ताट उभं धरून कडेकडून बघितलं तर सगळा प्रकाश एका रेघेत गोळा होतो. समोरून बघितलं तर तोच प्रकाश सगळ्या ताटभर पसरतो. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या एक तृतीयांश एवढ्या गोलावर तिचा प्रकाश पसरला आहे. तो इतका विरळ की अगदी काळ्याकुट्ट रात्रीसुद्धा आकाशाची जी स्वतःची मंद उजळी असते, तिच्याहूनही तो अंधूक असतो. म्हणजे दीर्घिका आकाशापेक्षा कमी उजळ, आणि तरी आपल्याला ती आकाशातून वेगळी काढायची आहे. कशी काढायची?

माझं साहित्य फार मोठं नाही. ६ इंची आरशाची परावर्ती दुर्बीण, तिला जोडलेला एक रंगीत कॅमेरा, आणि दोन्हीला पेलणारी मोटरची बैठक. यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू बैठक. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. ज्यांना वाटतं की ते हळू सरकतात, त्यांच्यासाठी सांगते: माझ्या कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये आकाशाचा जेवढा तुकडा मावतो, तसे पंधरा तुकडे दर सेकंदाला पुढे निघून जातात. बैठकीने त्याच वेगाने, उलट दिशेने, रात्रभर फिरायचं. त्यासाठी तिचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो.

इथे भूगोलाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुम्ही आठवीत फळ्यावर लिहिलं होतं, 'ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या ठिकाणचे अक्षांश.' आम्ही ते पाठ केलं आणि दोन मार्क मिळवले. आता दर अमावास्येला मी ते वाक्य वापरते. आपलं गाव पावणेअठरा अंशांवर, म्हणून ध्रुव पावणेअठरा अंशांवर. तो इतका खाली की आमच्या परसातून आक्कांच्या गोठ्याच्या पत्र्यावर जेमतेम हातभर वर दिसतो. गोठा एक मजला उंच असता तर माझा छंद तिथेच संपला असता. आणि त्याच अक्षांशाचा दुसरा फायदा असा की एम ७४ आपल्याकडे जवळजवळ बरोबर डोक्यावरून जाते. डोक्यावर हवेचा थर सर्वांत पातळ. युरोपातल्या कितीतरी हौशी मंडळींना हे सुख नाही.

आता मुख्य गोष्ट. मी एक फोटो काढत नाही. तीन-तीन मिनिटांचे पुष्कळ फोटो काढते. एका फोटोत काय असतं? माझ्या हिशेबाने दीर्घिकेच्या हातांच्या फिकट भागातून एका पिक्सेलवर तीन मिनिटांत आठ-दहा प्रकाशकण येतात. त्याच पिक्सेलवर आकाशाच्या उजळीचे तीस-चाळीस कण येतात. आणि हे कण काही रांगेत, ठरलेल्या संख्येने येत नाहीत; कधी पाच जास्त, कधी सात कमी. हा जो कमीजास्तपणा, त्यालाच आम्ही नॉइज म्हणतो. एका फोटोत दीर्घिका आणि हा गोंधळ साधारण सारख्याच वजनाचे असतात. फोटो बघितला तर नुसती वाळू दिसते.

हे समजायला आपली सकाळची प्रार्थना आठवा. आपण सगळे एका सुरात गात नव्हतो, हे संगीताच्या सरांना चांगलंच ठाऊक आहे. कुणी वर, कुणी खाली, कुणी नुसतेच ओठ हलवणारे. पण शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला चाल स्पष्ट ऐकू यायची. कारण प्रत्येकाची चूक वेगळ्या दिशेची, ती एकमेकींना खोडून काढायची. चाल मात्र सगळ्यांची एकच, ती वाढत जायची. फोटोंचंही तसंच. १६० फोटो एकावर एक रचले की दीर्घिकेचा प्रकाश १६० पट होतो, पण गोंधळ १६० च्या वर्गमुळाएवढाच, म्हणजे साधारण साडेबारा पट वाढतो. वाळूतून चाल ऐकू यायला लागते.

गेल्या नोव्हेंबरातल्या अमावास्येच्या तीन रात्री आणि डिसेंबरातली एक, अशा चार रात्री मी १९६ फोटो घेतले. वाऱ्याने हललेले, पातळ ढगाचे, आरशावर दव धरल्यावरचे असे ३६ काढून टाकले. उरले १६०, म्हणजे आठ तासांचा उजेड. त्याशिवाय दुर्बिणीला झाकण लावून काढलेले काळे फोटो, म्हणजे कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग कळतात. आणि पहाटे तोंडावर आबांचं पांढरं उपरणं ताणून काढलेले कोरे फोटो, म्हणजे धुळीच्या सावल्या कळतात. हे दोन्ही वजा-भागाकार करून मग बेरीज. मधूनच एखादा उपग्रह चित्रावर रेघ ओढून जातो. त्याचीही सोय आहे. १५९ फोटोंत एका जागी काळोख आणि एकाच फोटोत झगझगाट, तर त्या एकाचं म्हणणं त्या जागेपुरतं बाद. बहुमताचा इतका प्रामाणिक वापर मी अन्यत्र पाहिलेला नाही.

रात्री दहाच्या सुमारास दीर्घिका डोक्यावर आली की दुर्बीण बैठकीच्या दुसऱ्या बाजूला उलटवावी लागते, नाहीतर नळी तिवईला आपटते. तेवढ्यासाठी जागं राहायचं. एरवी लॅपटॉप राखण करतो. त्या वेळी आपल्या वर्गातले दोघे-तिघे रानाकडे निघालेले असतात, कारण शेतीची वीज रात्रीची. पाणी द्यायला जाताना एक जण परसाच्या कुंपणाशी थांबतो, न सांगता बॅटरी विझवतो आणि विचारतो, "आलं का काय?" मी त्याला पडद्यावर विसाव्या फोटोपर्यंतची बेरीज दाखवली. वाळूत एक वळण दिसत होतं. पाणी देऊन तो पहाटे परतला तेव्हा साठ झाले होते आणि दुसरा हातही दिसू लागला होता. तो म्हणाला, "दारं धरल्यावानी हाय. एका वाफ्याचं पानी दिसत न्हाई, पन सकाळी रान भिजल्यालं असतं." माझ्या वर्गमुळाच्या स्पष्टीकरणापेक्षा हे जास्त चांगलं आहे, म्हणून त्याच्या परवानगीने इथे सांगितलं.

मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न: याचा उपयोग काय? जेम्स वेब दुर्बिणीचा साडेसहा मीटरचा आरसा आहे, तिने टिपलेलं याच दीर्घिकेचं चित्र २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि ते मोबाइलवर फुकट बघता येतं. मग परसात थंडीने काकडायचं कशाला?

एक उत्तर असं की जुने फोटो कधी कामाला येतील सांगता येत नाही. एम ७४ मध्ये २००३ साली एका ताऱ्याचा स्फोट दिसला. शास्त्रज्ञांनी आधी काढलेली चित्रं चाळली, तर स्फोटापूर्वीचा तो तारा त्यांत सापडला. तो तांबडा महातारा होता. कोणते तारे कसे मरतात याचा तो थेट पुरावा ठरला. ती चित्रं मोठ्या दुर्बिणींची होती. पण दीर्घिकांत नवे स्फोट शोधून काढणाऱ्यांत हौशी माणसं आजही आहेत. २०२३ च्या मे महिन्यात एम १०१ या दीर्घिकेतला स्फोट जपानच्या कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकाने प्रथम पाहिला.

पण माझं खरं उत्तर वेगळं आहे. जेम्स वेबच्या चित्रातला प्रकाश तिच्या आरशावर पडला. माझ्या चित्रातला प्रकाश आपल्या गावात पडला. जो मी टिपला नाही तो आक्कांच्या गोठ्यावर, शाळेच्या कौलांवर, उसाच्या पाचटावर पडला. तीन कोटी वर्षांचा प्रवास करून तो रोज येतो. आपल्याकडे त्याच्यासाठी जागा आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

ही जागा म्हणजे काळोख. आणि तो मला मोजता येतो, कारण फोटोत दीर्घिकेबरोबर आकाशाची उजळीही नोंदली जाते. माझ्या पुण्यातल्या इमारतीच्या गच्चीवरून हीच दुर्बीण, हाच कॅमेरा, तीच तीन मिनिटं, असा फोटो घेतला तर आकाश इथल्यापेक्षा साधारण पंधरा पट उजळ येतं. याचा अर्थ गणिताने असा होतो की इथे जे चित्र आठ तासांत मिळालं, तेवढंच स्वच्छ चित्र पुण्यात मिळवायला १२० तास लागतील. एका रात्रीत सहा तास मिळाले तरी वीस रात्री, आणि त्याही बिनचंद्राच्या. म्हणजे दोन-तीन हिवाळे.

तुम्ही म्हणाल, पुणं ते पुणं. पण मी सहा वर्षं याच परसातून फोटो घेते आहे आणि माझ्याच जुन्या फोटोंशी ताडून बघते. पहिल्या वर्षी जेवढी उजळी होती, तिच्या आता जवळजवळ दीडपट आहे. २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात जगभरच्या हजारो सामान्य निरीक्षकांच्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २०११ ते २०२२ या काळात आकाशाची उजळी दरवर्षी सरासरी सुमारे साडेनऊ टक्क्यांनी वाढली, असं त्यात निघालं. चक्रवाढ व्याज शिकवणारे सर इथे आहेत. ते सांगतील की या दराने आठ वर्षांच्या आत दुप्पट होते. आज जन्मलेलं मूल या शाळेत तिसरीत जाईल, तेव्हा.

आता माझं मागणं. आपली तुकडी शाळेला भेट म्हणून मैदानावर हायमास्ट दिवा देणार आहे. वर्गणी जमली आहे, खांबाची जागाही ठरली आहे. माझा दिव्याला विरोध नाही, हे आधी स्वच्छ सांगते. ग्रुपवर आपल्या एका मैत्रिणीने लिहिलं होतं, "माझी मुलगी संध्याकाळी साडेसातला क्लासवरून याच मैदानातून येते. मला तारे नकोत, तिच्या पायाखालचा रस्ता दिसायला हवा." तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. त्याच वाटेने, त्याच वयात, आपण सगळ्या जणी मुठीत जीव धरून घरी गेलो आहोत. काळोख छान असतो असं मी तिला सांगणार नाही.

मी एवढंच विचारते की रस्त्यासाठी घेतलेला उजेड रस्त्यावरच का पडू नये? उंच खांबावर तिरके लावलेले झोत निम्मे आभाळात आणि समोरच्या घरांच्या खिडक्यांत जातात. डोळ्यांवर झोत आला की त्याच्यामागे उभा असलेला माणूस दिसत नाही, हे आपण समोरून मोठ्या लाइटची गाडी आली की अनुभवतो. म्हणून तीन गोष्टी कराव्यात. एक, दिव्याचं तोंड सरळ खाली आणि वर झाकण, म्हणजे क्षितिजाच्या वर उजेड शून्य. दोन, निळसर पांढऱ्याऐवजी पिवळसर प्रकाश. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. तीन, टायमर: संध्याकाळी पूर्ण उजेड, रात्री दहानंतर मैदान रिकामं झाल्यावर बंद, आणि वाटेवर कमी उंचीचे दोन दिवे रात्रभर चालू. झोत आभाळात वाया गेला नाही तर कमी वॅटच्या दिव्यातही वाट तेवढीच उजळते, म्हणजे शाळेचं वीजबिलही कमी.

हे काही परदेशी खूळ नाही. आपल्याच महाराष्ट्रातलं पेंच व्याघ्र प्रकल्पाचं जंगल २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून जाहीर झालं. त्यासाठी तिथल्या गावांतले दिवे काढले नाहीत. ते खाली तोंड करून बसवले. तिथल्या गावांना जमलं ते आपल्याला का जमू नये?

आपल्या तालुक्याला देवाने पाऊस मोजून दिला. लहानपणापासून आपण आभाळाकडे बघितलं ते ढगासाठीच, आणि बहुतेक वेळा ते कोरंच निघालं. त्या कोऱ्या आभाळाचा एक फायदा आहे, आणि तो अजून आपल्या हातात आहे. पाणी आणायला आपल्याला धरणं, कालवे, टँकर, मोर्चे लागले. काळोख राखायला फक्त दिव्याचं तोंड फिरवावं लागतं.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी या फोटोची मोठी प्रत मी चौकट करून आणली आहे. मुख्याध्यापक बाईंनी ती स्वीकारावी. खाली मी तारखा, फोटोंची संख्या आणि आपल्या गावाचे अक्षांश लिहिले आहेत. उद्या एखाद्या मुलीला पुन्हा हाच फोटो इथूनच काढावासा वाटला, तर आठ तासांत जमतं की सोळा लागतात, ते तिला ताडून बघता येईल.

दुर्बीण मैदानात लावून ठेवली आहे. साडेसातला जेवणाआधी अर्धा तास शाळेचे दिवे बंद ठेवायला शिपाईमामांनी कबूल केलं आहे. पूर्वेला गुरू आहे, तो डोळ्याने बघा. त्याचे चंद्र मोजा. एम ७४ डोक्यावरून जराशी पश्चिमेला कलली असेल, ती लॅपटॉपवर तीन-तीन मिनिटांनी उमटत जाईल. दहा फोटो होतील, त्यात गाभा नक्की दिसेल. हात दिसतील की नाही ते आजच्या आभाळावर. मोबाइलची बॅटरी मात्र खिशातच ठेवा. दिव्याचं आपण त्यानंतर, जेवताना ठरवू.